मुठीच्या जागी

मासे गुंडाळतात तसा वर्तमानपत्रात गुंडाळून
इल्पोनं दस्ता आणला.
लोखंड त्यानं घरीच ठेवलं होतं, कुलुपात.
माझ्याकडे नुसतं लाकूड: भूर्जाचं,
ऐंशी वर्षांचा घाम पिऊन काळं पडलेलं.
"भिंतीवर लावायचंय, ताइमी. आरशासारखं कर.
आणि हे उंदरांनी कुरतडलेलं तेवढं घालव."

मी बरं म्हटलं.
मी सगळ्यांना आधी बरंच म्हणते.

दोन दिवस तो सौनात टांगून ठेवला,
माणूस कुडकुडेल इतक्या मंद आचेवर.
लाकडाला घाम फुटला,
काळा, चिकट, चिंधीमागून चिंधी.
वास बंदुकीच्या तेलाचा, पाइनच्या डांबराचा,
आणि खाली, खूप खाली, कुणाचातरी तंबाखू.
तिसऱ्या दिवशी रंग दिसला: बिनदुधाचा चहा.

नळीखालचा भाग वेगळ्या झाडाचा.
सांध्यात बोटांत बोटं अडकवलेली.
दोन्ही तुकडे दोन दिशांना वाकू बघतात
आणि म्हणून सरळ राहतात.
कारखान्यात कुणाला तरी हे सुचलं असेल,
घरी भांडून आल्यावर, जेवणाच्या सुट्टीत.

पोचे काढायला ओलं फडकं, वर गरम इस्त्री.
वाफ आत शिरते, दबलेला तंतू फुगून वर येतो.
तुटलेला येत नाही. तुटलं ते तुटलं.
खंदकाच्या कडेचे पोचे गेले,
ट्रकच्या फळीचे गेले.
(कशाचे ते मीच ठरवते. विचारणार कुणाला?)
मग मुठीची जागा आली.

तीस वर्षं मी शाळांमधली दातांची नर्स.
लिएक्सापासून नुर्मेसपर्यंत,
हिवाळ्यात गोठलेल्या पिएलिनेनवरून गाडी घालून,
"आ कर" म्हणत हजारो तोंडांत डोकावले.
उंदीर मला कळतो:
दोन अरुंद चरे, शेजारी-शेजारी, घाईचे.
हे उंदराचे नव्हते.
भिंग लावलं. पुसून पुन्हा लावलं.
वरचे चार, खालचे दोन,
वरचा डावा जरा तिरका.
अकरा महिने. फार तर वर्ष.

बंदूक कोपऱ्यात उभी असणार.
पोर फतकल मारून बसलेलं, हिरड्या शिवशिवतात,
आणि समोर तोंडात मावेल इतकी बारीक
ही एकच जागा.
कुणी ओरडलं असेल. कुणी हसलंही असेल.
ते घर आज सरहद्दीच्या अलीकडे की पलीकडे,
आहे की नाही,
हे लाकडाला विचारून कळत नाही.

मी मूठ वळून पाहिली.
चार अंगठ्याखाली येतात, दोन मधल्या बोटाखाली.
पहाऱ्यावर, हातमोजा काढल्यावर,
त्यानं ते मोजले असतील.
किंवा नसतीलही. बंदुका हात बदलतात.
दुसऱ्याच कुणाचा अंगठा, ज्याला वाटलं, उंदीर.

इस्त्री तापलेली. फडकं ओलं.
हे तंतू तुटलेले नव्हते, नुसते दबलेले.
एक वाफ दिली की सपाट.
मी इस्त्रीची वायर काढली.

मग जवसाचं तेल, कोमट, तळहातानं:
आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला,
वर्षभर महिन्याला, पुढे आठवेल तेव्हा.
तेलाच्या चिंध्या मात्र पाण्यात बुडवून ठेवायच्या.
चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या
तर आपल्या आपण पेटतात, रात्री,
कुणी हात न लावता.

इल्पो रविवारी आला. उजेडात धरून पाहिलं.
"उंदीर राहिले की."
"ते निघत नाहीत," मी म्हटलं.
"दुखणार नाही" नंतरचं
माझ्या धंद्यातलं दुसरं खोटं.
तो काही बोलला नाही.
पाकिटासाठी एक हात मोकळा केला,
आणि दुसऱ्या हाताचा अंगठा
लाकडावर फिरत राहिला, आपला आपण,
एक, दोन, तीन,
चौथ्यावर जरा थांबून.